गुरुजींचं घामोळं

गुरुजींच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण मी कधी उघडं पाहिलं नव्हतं. भोकरदनला मे महिन्याच्या दुपारी पत्रे तापलेले असतात, लाइट गेलेली असते, घरोघरचे पुरुष बनियनवर ओसरीत पडलेले असतात. अशा वेळीही गुरुजी पांढरा, पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटांची आणि गळ्याची बटणं लावून खुर्चीत ताठ बसलेले असत. मला बघायला ते आमच्या घरी आले तेव्हाही असाच उन्हाळा होता. माझे वडील पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाले, "गुरुजी, घरच्यासारखं बसा. वरचं बटण तरी काढा." गुरुजी म्हणाले, "राहू द्या. ते काढलं की माझी मान सैल पडते." हातात पोह्यांच्या बशा असूनही मला हसू फुटलं. त्या हसण्यावरच आपण मुलगी पसंत केली, असं ते पुढे पाहुण्यारावळ्यांना सांगायचे.

गुरुजी म्हणजे माझे सासरे. केळणा नदीच्या काठच्या एका लहान गावात, बौद्ध वाड्यातल्या मजुराच्या घरी जन्मले, जालन्याच्या बोर्डिंगात राहून शिकले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मास्तरकी करून निवृत्त झाले. त्यांना सगळेच गुरुजी म्हणत. माझे पती मिलिंद चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात होते. वर्गात 'बाबा' म्हणायचं नाही असा दंडक होता, आणि मग तीच सवय घरीही राहिली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यासुद्धा हाक मारायच्या ती 'अहो गुरुजी' अशीच.

वर्गावर जाताना त्यांच्या पिशवीत खडूंच्या डबीबरोबर सुईदोरा आणि निरनिराळ्या बटणांची एक पुडी असे. एखादा मुलगा शर्टाला बटण नाही म्हणून छाती हातानं धरून उभा राहिला, की गुरुजी त्याला टेबलाशी बोलावत, अंगातल्या शर्टालाच बटण टाचत आणि दातानं दोरा तोडून म्हणत, "आता बोल. काय विचारायचंय?" मुलगा पाटलाचा आहे की सालगड्याचा, हे त्यांनी कधी बघितलं नाही. आजही भोकरदनच्या बाजारात एखादा पिकल्या केसांचा माणूस मिलिंदना थांबवून सांगतो, "तुमच्या वडलांनी माझ्या गळ्याखाली सुई चालवली, पण कधी टोचली न्हाई."

आत्याबाई अचानक गेल्या. आम्ही तेव्हा मस्कतला होतो. मी तिथल्या एका दवाखान्यात नर्स आणि मिलिंद तेलाच्या कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक. त्यांचं काम आत वाळवंटात, दोन आठवडे कॅम्पवर आणि दोन आठवडे घरी. आत्याबाईंचं सगळं उरकल्यावर रिकाम्या घरात गुरुजींना एकटं सोडून जाणं मिलिंदच्या जिवावर आलं. त्यांनी वडिलांचा पासपोर्ट काढला आणि थंडीच्या सुरुवातीला गुरुजी मस्कतला आले. विमानतळावर सगळे प्रवासी चुरगळून बाहेर येत होते. गुरुजी आले ते शाळा तपासायला आल्यासारखे.

थंडीचे महिने फार छान गेले. सकाळी ते समुद्राकाठी फिरून येत. आमच्या इमारतीचा वॉचमन बांगलादेशातला होता. गुरुजींची दख्खनी वळणाची हिंदी आणि त्याची बंगाली वळणाची, अशी दोघांची चांगली गट्टी जमली. आठवड्याभरात त्याच्या युनिफॉर्मची तुटकी बटणं लागलेली मला दिसली. मी ड्यूटीवर निघाले की गुरुजी त्याला अभिमानानं सांगत, "ये हमारी सिस्टरबाई." गुरुजी इथे रुळले असं आम्हाला वाटलं. मिलिंद त्यांचा कायमचा व्हिसा कसा होईल याची चौकशी करू लागले.

मग एप्रिल आला. आमच्याकडचा उन्हाळा अंग भाजून काढतो, पण घाम येतो तसा वाळतो. मस्कतचा उन्हाळा समुद्रावरून येतो. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटते आणि घाम जागचा हलत नाही. गुरुजींना एसीनं खोकला यायचा. आम्ही बाहेर पडलो की ते एसी बंद करून, आत बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट अशा कपड्यांत दिवसभर वाचत बसत. मी सांगितलं की म्हणत, "बेचाळीस डिग्रीत मैदानावर कवायती घेतल्या मी. इथलं ऊन काय घेऊन बसलीस?"

घामोळं त्यांनी माझ्यापासून बरेच दिवस लपवलं. आधी मला दिसलं ते एवढंच, की बोलता बोलता ते दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभे राहतात आणि हळूच वरखाली होतात. मग ते आपले शर्ट स्वतः धुवायला लागले. "तुला ड्यूटी असते, कशाला माझे कपडे," असं म्हणत. एकदा बाल्कनीत वाळत घातलेल्या शर्टाच्या कॉलरीच्या आतल्या बाजूला मला फिकट तांबूस ठिपके दिसले. धुऊनही न गेलेले. रक्ताचा डाग ओळखायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"गुरुजी, पाठीला काय झालंय?"

"काही न्हाई. जरा खाजतं."

"किती दिवसांपासून?"

"तू काय रिपोर्ट लिहून राह्यली काय माझा?"

ओढून डॉक्टरकडे नेलं. केरळच्या एक बाई होत्या, माझ्या ओळखीच्या. गुरुजींनी त्यांना एका हाताची बाही कोपरापर्यंत वर करून दाखवली, कॉलर बोटभर खाली ओढून मान दाखवली आणि पुन्हा सगळं नीट लावून घेतलं. "बस, इतकंच आहे," म्हणाले. डॉक्टरांनी कॅलामाईन लोशन लावायला दिलं. सैल सुती कपडे घाला, घरात शक्यतो उघडं बसा, गार पाण्यानं दोनदा अंघोळ करा, एसी चालू ठेवा, असं सांगितलं. बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "अंघोळीचं तेवढं बराबर बोलल्या."

उघडं बसण्याचा विषय काढला की ते रस्त्यावरच्या ओमानी माणसांकडे बोट दाखवत. "हे बघ. गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरंशुभ्र झाकलेले आहेत. ह्यांना होतं का घामोळं?" मी म्हटलं, त्यांचा झगा केवढा सैल असतो, खालून वारा खेळतो. मिलिंदनी दुसऱ्याच दिवशी तसला एक झगा विकत आणला. गुरुजींनी तो उलटापालटा करून पाहिला, कापडाचं कौतुक केलं, शिलाईचं कौतुक केलं आणि घडी घालून परत दिला. "ह्याला कॉलर कुठंय?"

तिथे रस्त्याच्या कडेला कडुनिंबाची झाडं ओळीनं लावलेली आहेत. गुरुजींना ती पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी वाटत. पाल्याचा काढा करून अंघोळ करावी असं त्यांनी ठरवलं, पण सरकारी झाडाला विचारल्याशिवाय हात कसा लावायचा? वॉचमनला घेऊन ते झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याकडे गेले. माळ्यानं हसून फांदीच तोडून दिली. कुणी इतक्या अदबीनं पाला मागितल्याचं त्याला नवल वाटलं असणार. त्या काढ्यानं चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा शर्ट, पुन्हा घाम, पुन्हा पुरळ. पहिलं वाळायच्या आत त्यावर दुसरं उठायचं. गुरुजी रात्री झोपत नव्हते. जेवण कमी झालं. वाचता वाचता पुस्तक मिटून नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मी चिडायचे, मग मला वाईट वाटायचं, आणि ते माझ्या दोन्ही मनःस्थिती बघून म्हणायचे, "तू शांत राह्य बरं."

मिलिंद कॅम्पवर गेलेले होते त्या दिवसांत एकदा मी दुपारी ड्यूटी संपवून घरी आले. गुरुजी खुर्चीत बसले होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली, आणि अंग थडथड उडत होतं. कपाळाला हात लावला तर ताप. मागे जाऊन पाहिलं तर शर्ट पाठीला जागोजाग चिकटला होता, आणि जिथे चिकटला होता तिथे पिवळट ओल होती.

मी दार लावलं आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "गुरुजी, आता मला पाठ बघू द्या."

"मिलिंद येऊ दे."

"मिलिंद यायला आठ दिवस आहेत. तोवर हे रक्तात जाईल. मी रोज लोकांच्या पाठी बघते."

"ते लोक येगळे. तू सून आहेस माझी."

"मग दवाखान्यातून पुरुष नर्स बोलावते. चालंल?"

ते खाली बघत म्हणाले, "मी बारा वर्षांचा होतो. बोर्डिंगातनं सुट्टीला गावी आल्तो. बोर्डिंगानं दिलेला पांढरा शर्ट होता अंगात. पहिलाच नवा शर्ट. त्याच्या आधी घातले ते सगळे दुसऱ्याचे. वेशीजवळ हौदावर एक मोठा शेतकरी बैल धूत होता. मला म्हणला, काढ तो. मी काढला. म्हणला, बैल पूस. मी पुसला. पुसून झाल्यावर तो शर्ट हौदात टाकला त्यानं, अन् मी उघडाच घरी गेलो. दिवसा. सगळं गाव दारात बसलेलं."

माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसलं आणि आवडलं नाही.

"म्हणून मी शर्ट काढत न्हाई असं समजू नको," ते म्हणाले. "तो माणूस पुढं मेला बी. त्याचा नातू माझ्या वर्गात होता, त्याचं बटण मीच लावलं. मला शर्ट आवडतो. माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडू शकत न्हाई काय? तुम्ही शिकलेली लेकरं, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं."

"मग तो किस्सा कशाला सांगितला?"

"तू विचारू राह्यली ना, कवापासून काढत न्हाई म्हणून."

मी तसं विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्ची हळूच भिंतीकडे फिरवली. एकेक बटण काढलं. शर्ट आणि आतलं बनियन सुटताना कातडीही थोडी सोलून आली, तेव्हा त्यांचा श्वास अडकला, पण आवाज निघाला नाही. काढलेला शर्ट त्यांनी छातीशी धरून ठेवला. ती पाठ मी विसरले नाही. दवाखान्यात त्याहून वाईट पाठी पाहिल्या आहेत, पण त्या कुणा माझ्या माणसाच्या नव्हत्या. खांद्यांपासून कमरेपर्यंत लालभडक बारीक पुरळ, मधे मधे पिकलेले पुळे, खरवडलेल्या रेघा, आणि बनियनच्या शिवणीच्या जागी एक लांब उघडी जखम. लोशन पाठीला पोचावं म्हणून ते फडक्याला लावून दोन्ही टोकं धरून पाठीवरून ओढत होते. त्यानंच कातडी आणखी सोलली होती.

मी पिशवीतून रबरी हातमोजे काढले. त्यांनी मान वळवून मोज्यांकडे पाहिलं. मी घाईनं म्हटलं, "पू आहे ना, म्हणून. सगळ्यांनाच घालते मी."

"घाल, घाल. नियम आहे तो."

संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं तेव्हा शर्ट काढायला त्यांनी अजिबात वाद घातला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. पुळे चिघळण्याचं तेही एक कारण होतं. इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. पुढचे काही दिवस मी ड्यूटीवरून आले की खुर्ची भिंतीकडे फिरायची आणि मी ड्रेसिंग करायचे. भिंतीकडे तोंड असलं की गुरुजी मोकळे बोलत. शाळेबद्दल, गावाबद्दल, आत्याबाईंबद्दल. एकदा म्हणाले, "ती असती तर तुझ्यावर हे काम आलं नसतं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मिलिंदला हे सगळं सांगू नको. तिकडं आगीचं काम आहे त्याचं. ध्यान माझ्यात राह्यलं तर चुकंल काहीतरी." ही गोष्ट त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितली की मी हो म्हटलं. फोनवर मिलिंदना मी एवढंच सांगितलं, की घामोळं वाढलं होतं, औषध चालू आहे.

मिलिंद घरी आले तेव्हा गुरुजी खुर्चीत बसलेले, शर्ट इस्त्रीचा, बटणं लावलेली. ताप गेलेला होता. चहा झाल्यावर गुरुजी म्हणाले, "माझं तिकीट काढ. मी भोकरदनला चाल्लो."

"का? काय कमी आहे इथं?"

"कमी काही न्हाई. हवा मानवत न्हाई. घामोळं जात न्हाई."

मिलिंदना ते पटलं नाही. व्हिशाची सगळी खटपट त्यांनी केली होती, डॉक्टर होते, मी होते, आणि तिकडे घराला कुलूप. "घामोळ्यासाठी कुणी लेकाचं घर सोडतं का?" ते म्हणाले. "एसी लावा, दोन महिने बनियनवर बसा, जाईल. तुम्हाला इथं राहायचंच नसेल तर तसं सांगा. बहाणा कशाला?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलू नये असं त्या नजरेत स्पष्ट होतं. मग ते मिलिंदना म्हणाले, "बहाणा म्हण. काढ तिकीट."

त्यानंतर घरात दोन दिवस जेवणापुरतं बोलणं होतं. गुरुजी मला एकटीला गाठून म्हणाले, "इथं राह्यचं तर उघडं बसावं लागंल. तू लाख म्हणशील घरच्या घरात आहे. पण मला जमत न्हाई, सुजाता. आता ह्या वयात नवी सवय लागत न्हाई. तिथं मी बरा राहीन." मी म्हटलं, साखर आहे, एकटे आहात. "भावकी आहे, शाळेची पोरं आहेत," ते म्हणाले. "जल्दी बरा होतो बघ."

विमानतळावर मिलिंद त्यांच्या पाया पडले. गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा जास्तच वेळ ठेवला. आत जाताना त्यांनी मागे वळून मला विचारलं, "तुझी ड्यूटी चुकली ना आज?"

भोकरदनला पाऊस पडायच्या आत घामोळं गेलं. मी फोनवर विचारायचे, "पुरळ?" ते म्हणायचे, "गेलं." "साखर?" "बराबर आहे." "एकटं वाटतं?" यावर मग म्हणायचे, "शाळेत जाऊन बसतो दुपारी. नवीन मॅडम चांगल्या आहेत." मिलिंदशी बोलणं मोजकंच व्हायचं. औषधं आणली का, लाइटबिल भरलं का, असं. वडील परत का गेले हा काटा मिलिंदच्या मनात तसाच राहिला. माझ्याकडे सासऱ्यांना दिलेला शब्द होता. गुरुजी स्वतः कधीतरी सांगतील, दिवाळीच्या रजेत दोघं समोरासमोर बसतील तेव्हा आपोआप निघेल, असं मी धरून चालले होते.

रजेच्या आधीच फोन आला. दुपारी शाळेत निघायच्या तयारीत असताना ओसरीवरच कोसळले. हृदयविकाराचा झटका. आम्ही मिळेल त्या विमानानं मुंबईला, तिथून संभाजीनगरला आणि तिथून गाडीनं भोकरदनला पोचलो तोवर दुसरा दिवस उजाडला होता. माणसं थांबली होती. मुलगा आल्यावरच अंघोळ घालायची असं भावकीनं ठरवलं होतं. अंगणात पडदा बांधला होता, पाणी तापवलं होतं. मिलिंद दोन चुलतभावांना घेऊन पडद्याआड गेले. आम्ही बायका इकडे बसलो होतो. पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. एक चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, पाणी घालू का?"

थोड्या वेळानं मिलिंद बाहेर आले. हात कोपरापर्यंत ओले होते. माझ्याजवळ येऊन पायरीवर बसले.

"पाठीवर डाग आहेत," ते म्हणाले. "खांद्यापासून खालपर्यंत. एक तर एवढा लांब वण आहे. हे तिथलंच ना?"

"हो."

"तू पाह्यलं होतं?"

"मीच ड्रेसिंग केलं. तुम्ही कॅम्पवर होता. सांगू नको म्हणाले होते, तुमचं कामात ध्यान लागणार नाही म्हणून."

ते अंगणाकडे बघत राहिले. समाजमंदिरातली माणसं पांढरे कपडे घेऊन उभी होती. कुणीतरी त्यांना हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नसावी.

"मी बहाणा म्हणलो होतो," ते म्हणाले. मग विचारलं, "लई दुखत असंल ना गं तवा?"

"हो," मी म्हटलं. "लई."

त्यांनी मान हलवली. ओला हात चेहऱ्यावरून फिरवला, उठले आणि वडिलांना कपडे घालायला पुन्हा पडद्याआड गेले.